मामांच्या खोलीचा रंग

खंडाळा (जि. सातारा),
६ जानेवारी २०२५

आदरणीय महंमदचाचा,

सलाम. परवा फोन केला तर "रंगाचं बोलणं तोंडी करायचं नाही, कागदावर लिही," एवढं म्हणून तुम्ही ठेवूनच दिलात. माझे वडील आण्णा नेहमी म्हणायचे, महंमद माणूस लाखात एक, पण स्वभाव रंधा न मारलेल्या फळीचा. आण्णा जाऊन सात वर्षं झाली, फळी आहे तशीच आहे. म्हणून आज मुकाट्याने कागद घेऊन बसले आहे.

विषय माझ्या सासऱ्यांचा आहे. धुळामामांना तुम्ही माझ्या लग्नात पाहिलंय. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, आणि खुर्ची नको म्हणून मांडवात खाली बसून जेवलेले ते. पन्नास वर्षं मेंढरांमागं चालले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, मेंढरंही विकली, आता जतकडच्या गावी एकटेच असतात. इथं आम्ही घर बांधलं तेव्हा तानाजींनी हौसेने घरभर अशी फरशी घातली की वाकलं तर तोंड दिसावं. मामा पहिल्यांदा आले आणि त्याच दिवशी घसरून कमरेवर पडले. तेव्हापासून येतात, दोन दिवस उंबऱ्यावर बसून काढतात आणि तिसऱ्या दिवशी खुंटीवरची पिशवी काढतात. "आरशावर माणूस चालतंय व्हय? आन निजलं की गारठा हाडात शिरतोय," म्हणतात. पलंगावर निजत नाहीत. त्यांना जमीनच लागते.

तर आता त्यांच्या खोलीपुरती लाकडी जमीन केली आहे. पाचगणीला एक जुना बंगला पाडला, त्याच्या माडीच्या सागवानी फळ्या तानाजींनी आणल्या. आमच्या नाथाजी सुतारांनी त्या फरशीवर बसवून मशीननं घासल्या. वरचा काळा थर गेल्यावर आतून असं सुरेख लाकूड निघालं की मी खोलीत जाऊन नुसती बघत उभी राहते.

पण पुढं काय? दुकानदारानं शेड कार्ड दिलंय. तानाजींना गडद वॉलनट हवा, वर काचेसारखी चमक, हॉटेलात असते तशी. मला यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की मामांनी निरोप धाडलाय, "पाडव्याची जत्रा झाली की एकदा येतो. न्हाई जमलं तर पुन्हा बोलवू नगा." ही शेवटची संधी आहे, चाचा. तुम्ही स्वतः येऊन तुमच्या हातानं कराल का? माझ्या लग्नात तुम्ही पॉलिश केलेला देव्हारा अजून परवा केल्यासारखा दिसतो.

तुमची,
माया


तासगाव,
१४ जानेवारी २०२५

चि. माया हिस दुआ.

पत्र पोचलं. तुझे आण्णाही काही कमी खरबरीत नव्हते, पण ते असो.

तू रंग विचारलास. आधी मला पाय सांग. दाराला पॉलिश करताना मी मालकाचं तोंड बघतो, जमिनीला करताना पाय. सांगलीला एका वकिलांच्या माडीची जमीन केली तेव्हा त्यांना अनवाणी उभं केलं होतं. त्यांना अपमान वाटला. दोन वर्षांनी पुन्हा बोलावून चहा पाजला.

तेव्हा मामांचे दोन्ही पाय पुठ्ठ्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरव, आणि तो आकार कापून पाठव. कागद नको, पुठ्ठाच. टाच कुठे फुटली आहे तिथे कात्रीने खाच मार.

सोबत एसटीच्या पार्सलनं सागाचे चार तुकडे पाठवतो. एक नंबर तानाजीरावांच्या मनातला, वॉलनट आणि चमक. दोन नंबर तोच रंग, चमक घालवलेली. तीन नंबरला साध्या लाकडावर चपड्याचे दोन पातळ हात, वरून बारीक घासलेले. चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, देव्हाऱ्याला लावली तीच. चार नंबर नुसतं जवसाचं तेल आणि मेण. तुकडे जमिनीवर मांड आणि मामांना डोळे मिटून त्यांवर उभं कर. आधी कोरड्या पायानं, मग ओल्या. मोबाइलवर फोटो पाठवू नकोस, फोटोत शिसवही सागासारखं दिसतं.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. घासलेलं लाकूड उघडं असतं, जे पडेल ते पिऊन टाकतं. पाणी, साबण, तेल, काही पडू द्यायचं नाही. खोलीला कुलूप आणि किल्ली तुझ्या कमरेला.

महंमद


खंडाळा,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय चाचा,

तुमचं अक्षर बघून लाजले. या वयात इतकं गोल, टपोरं अक्षर! माझंच बघा, कोंबडी चालून गेल्यासारखं.

कंबर दाखवायला मामा साताऱ्याला आले होते, त्यांना तसंच घरी आणलं. पुठ्ठा पुढं ठेवला तर म्हणाले, "पाय कशाला मागतोय? जोडं शिवतोय का काय?" मी म्हटलं, तुमच्यासाठी जमीन शिवताहेत. मग उभे राहिले. पुठ्ठा पुरला नाही, दुसरा जोडावा लागला.

तुकड्यांची गंमत ऐका. आधी तानाजींनी नंबर एकची बाजू घेऊन पाय ओला केला, ऐटीत उभे राहिले आणि दुसऱ्या क्षणाला भिंत धरली. मामांची नुसती मिशी हलली. मग त्यांनी डोळे मिटून चारही तुकड्यांवर पाय ठेवला. चारवर म्हणाले, "ह्ये मऊ हाय, पर ओलं झालं की भ्या वाटतंय." तीनवर मात्र थांबले. बोटं पसरली, टाच दाबली. "ह्ये धरून ठेवतंय. कातळावानी." एक माणूस डोळे मिटून जमिनीशी असं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला माझ्या सासऱ्यांचा फार अभिमान वाटला, चाचा. त्यांना म्हटलं असतं तर पाय टेकवून त्यांनी जमिनीखालचं पाणीही सांगितलं असतं.

तेव्हा चपडा ठरला. रंगाचं मात्र अडून बसलंय. साधं लाकूड तानाजींना फिकट वाटतं, मला वॉलनट सुतकी वाटतो. मामांना विचारलं तर, "दोनच रंग वळकतो मी, मेंढराचा आन मातीचा. तुमचं तुमी बघा."

पाय पाठवत आहे. तुम्ही कधी येताय तेवढं कळवा. तानाजी गाडी घेऊन येतील.

माया


तासगाव,
१० फेब्रुवारी २०२५

चि. माया हिस दुआ.

पाय मिळाले. दोन दिवस उशाशी ठेवले होते. टाच रुंद, अंगठा बाहेर वळलेला, चवडा पंख्यासारखा पसरलेला, आणि डाव्या टाचेला सात खाचा. या पायानं बूट कधी पाहिला नाही. मी लाकडावर पन्नास वर्षं हात फिरवला, त्यांनी जमिनीवर पन्नास वर्षं पाय. त्यांचं शिक्षण माझ्यापेक्षा पुढचं आहे हे मी मान्य करतो. मीही मनात तीन नंबरच धरला होता.

येण्याचं मात्र या वेळी जमेलसं दिसत नाही. रोजे येताहेत, मग ईद. लाकडालाही मुरायला वेळ हवा. तिकडचा एखादा चांगला पॉलिशवाला बघ. मी सगळी कृती लिहून देईन, चपडाही पाठवीन. रंगाचं तुम्ही तिघं ठरवा.

महंमद


खंडाळा,
४ मार्च २०२५

चाचा,

तुमचं मागचं पत्र वाचून मी रुसले होते. एका खोलीचं काम चाचांना किरकोळ वाटलं असणार, असं मनात धरून तीन आठवडे उत्तर दिलं नाही. आता रुसायलाही तोंड राहिलं नाही.

रविवारी मामा न सांगता आले. म्हणाले, "पाय धाडलं, आता जिमीन तर बघू." मी कमरेची किल्ली काढून दार उघडलं. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या आणि आत गेले. भिंत न धरता, ताठ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. या घरात ते असे चालताना मी कधी पाहिलेच नव्हते. मधोमध थांबले, कनवटीची पुडी सोडली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून मूठभर भंडारा उधळला. मग आणखी एक मूठ. मीसुद्धा हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. तुमचं पत्र, उघडं लाकूड, त्या वेळी काही काही आठवलं नाही. आमच्यात नव्या जागेत देवाचा भंडारा पडल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, आणि मामांनी तो उधळला म्हणजे ही जागा त्यांनी आपली मानली. एवढंच मला दिसत होतं.

मग मामा गावात चक्कर मारायला गेले आणि तानाजी शिरवळच्या कंपनीतून पाळी संपवून आले. दारातच ओरडले, "अगं, लाकूड सगळं हळदीनं माखलं! ह्याच्यावर वॉलनट चढतोय व्हय?" बापलेकांचं भांडण नको म्हणून मी बादलीत साबण आणि धुण्याचा सोडा घेतला आणि पुसायला लागले. चाचा, पिवळं होतं ते सगळं लाल झालं. खोलीभर कुंकू सांडल्यासारखं. मी जितकं घासावं तितकं पसरत गेलं.

तेवढ्यात मामा दारात. ते लाल डागांकडे बघत नव्हते, माझ्या बादलीकडे बघत होते. "पोरी, देवाचा भंडारा साबणानं धुतीस व्हय?" त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. संध्याकाळची एसटी धरताना तानाजींना एवढंच म्हणाले, "जत्रंनंतर वाट बघू नगा."

लाकूड गेलं तर जाऊ दे, पण त्यांना वाटतंय मी त्यांचा देव पुसला. हे डाग कसे काढू? काढले तरी काय उपयोग? काही तरी सांगा.

माया


तासगाव,
९ मार्च २०२५

माया बेटा,

आधी रडणं थांबव. लाकूड कुठेही गेलेलं नाही.

लाल झालं त्यात अशुभ काही नाही. तुमचं कुंकूच हळदीचं होतं. हळदीला चुना लागला की लाल, आणि साबण-सोडा हे चुन्याचेच भाऊबंद. वाटीभर पाण्यात लिंबू पिळ, फडकं बुडवून घट्ट पिळ आणि लाल जागेवर नुसतं टेकव. घासू नकोस. पिवळं परत येईल.

आणि मग ते पिवळं काढायचा नाद सोड. हळद स्पिरिटमध्ये विरघळते. चपड्यात भिजवलेली कापडाची पोटली फिरवली की ती इथली तिथं जाणार, डाग वाढत जाणार. तेव्हा तिच्याशी भांडायचंच नाही. भंडारा स्पिरिटमध्ये घोळवून, गाळून, सगळ्या जमिनीला सारखा द्यायचा आणि वर चपडा. रंग ठरत नव्हता ना? तुझ्या सासऱ्यांनी ठरवून टाकला. तसा एक तुकडा करून पाठवतो आहे, नंबर पाच. त्याला घरातली साधी हळद लावली आहे.

कारण भंडारा तुमच्या देवाचा आहे. तो माझ्या पोटलीत घ्यायचा की नाही हे मामांनीच सांगितलं पाहिजे. फोनवर विचारू नकोस. तुकडा घेऊन स्वतः जा.

आता माझं. तुकडा झाल्यावर अल्फियाला विचारलं, कसा दिसतो? नात म्हणाली, "दादा, छान." छान हा काय रंग आहे? पण मला तिच्यावरच भागवावं लागतं. दीड वर्ष झालं, माझ्या डोळ्यांचे पडदे गेले. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही, आणि रंग तर अजिबात नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं. ज्या अक्षराची तू तारीफ केलीस ते अल्फियाचं. हे लिहितानाही ती हसते आहे, आणि मध्येच नाक ओढते आहे. पुठ्ठा कापून मागितला तो बोटांनी वाचायला. रंगावर जगलेल्या माणसाला रंग दिसत नाही हे गावात कळू नये म्हणून मी फोन टाळतो, रोजे पुढे करतो, ईद पुढे करतो. हात अजून चालतो. पण कुठे गडद झालं, कुठे फिकं राहिलं, हे मला कोण सांगणार? तुझं काम बिघडवायचं नव्हतं, म्हणून नाही म्हटलं. किरकोळ कधीच वाटलं नाही.

महंमद


मामांच्या गावाहून,
२४ मार्च २०२५

चाचा,

हे पत्र मामांच्या अंगणातच लिहिते आहे. पहिला अर्धा दिवस ते माझ्याकडे पाठ करून दोरी वळत बसले. चहा दिला तो घेतला, एवढंच. मग मी पाच नंबरचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. भंडारा धुतला गेलाच नाही, लाकडानं तो पिऊन टाकला. लिंबू लावल्यावर पुन्हा पिवळा वर आला, आता निघणार नाही, आणि कुणी काढणारही नाही. हेही सांगितलं की मी चुकले. देवाला पुसायला गेले नव्हते, घरातलं भांडण पुसायला गेले होते.

त्यांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला, उन्हात धरला. म्हणाले, "मेंढी व्याली की पयल्या दिशी चीक निघतोय, त्यो रंग हाय ह्यो. लय दिसांनी बघितला." मग मी तुमच्या डोळ्यांचं सांगितलं, आणि तुम्ही परवानगी मागितल्याचंही. त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मला वाटलं, झालं, आता नाहीच म्हणणार.

मग म्हणाले, "भंडारा उधाळला की कुणाच्या अंगावर पडतोय ते का आपन बघतोय? आन त्या मास्तरला सांग, माजं पाय न बघता त्येला कळलं, मग रंग का कळंना. डोळं माजं घे म्हनावं, हात तुजा चालव."

मी शब्द न शब्द लिहिला आहे, त्यात माझं काही नाही. माझं एवढंच, की तीन आठवडे मी तुमच्याविषयी वाईट विचार केला, तो पोटात घाला. तानाजींनी वॉलनटचा डबा दुकानात परत दिला. ईद झाली की ते गाडी घेऊन येतील. अल्फियालाही आणा, त्या अक्षराला मला भेटायचं आहे.

माया


तासगाव,
२० एप्रिल २०२५

माया बेटा,

सुखरूप पोचलो. गुडघे बोलताहेत, पण आनंदाने.

अशी तीन दिवसांची मजा मी हयातीत केली नव्हती. मी गुडघ्यांवर, पोटली हातात, आणि तुझे सासरे शेजारी उकिडवे. "मास्तर, डावीकडं जरा पातळ पडलंय. हां, आता सरकवा. बास! तितं आता हात लावू नगा, बरूबर चिकावर आलंय." एकदा मी म्हटलं, मामा, दमला असाल, तर म्हणाले, "शंभर मेंढरांत कुठलं लंगडतंय ते लांबनं वळकायचो, ह्यो तर येकच रंग हाय." पन्नास वर्षांत मला असा जोडीदार मिळाला नाही, आणि या माणसानं आयुष्यात ब्रश धरलेला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात धरून सगळ्या जमिनीवरून फिरवला. मला रंग दिसला नाही. पण कसा झाला आहे ते त्यांच्या हातावरून समजलं.

एक सांगायचं राहिलं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. खिडकीपाशी वर्षभरात उडेल. दुकानातला पक्का रंग दिला असता तर हे झालं नसतं, हे मी लपवत नाही. पण चपड्याचा नवा हात जुन्यात विरघळून एक होतो. तेव्हा दरवर्षी भंडारा घातलेला एक पातळ हात दिला की काम भागेल. तो द्यायला डोळे मात्र घरात हवेत.

मामा राहतील का, हे मी त्यांना विचारलं नाही. निघताना पिशवी खुंटीला आहे असं अल्फिया म्हणाली. तू पत्र लिहायची घाई करू नकोस. वर्ष जाऊ दे, मग काय ते कळव.

महंमद


खंडाळा,
२५ मार्च २०२६

म्हमद मास्तर,

ह्ये पत्र मी धुळा सांगतोय, माया लिवतीया. मी बोलतोय तसंच लिव म्हणून तिला सांगितलंय, न्हाईतर ती सुधारती.

तुमची ईद झाली आसंल. आमची जत्रा झाली. जत्रंला गेलतो, चार दिसांत माघारी आलो. गावातली मानसं म्हनली, ऱ्हावा की. म्या म्हनलं, घरला जायाचं हाय.

तुमी म्हनलावता तसंच झालंय. खिडकीच्या अंगाला दोन हात जागा फिकी पडलीया. माजी निजायची जागा हाय तितं रंग अजून चिकासारका हाय, कारन वर घोंगडं असतंय. दाराम्होरं पायानं जरा झिजलंय. वरीसभर तितनंच जातोय-येतोय, झिजायचंच की. येकदाबी घसरलो न्हाई. तानाजी म्हनतोय सगळ्या घरात ह्येच करू. म्या म्हनलं, आदी मास्तरच्या गुडघ्याला इचार.

भंडारा जत्रंतनं आनून ठेवलाय, डब्यात हाय. स्पिरिट तानाजी आनंल. रंग मी सांगतो, हात तुमी चालवा. अल्फियाला संगं घिऊन या.

आन तुमी त्या पिशवीचं लिवलं हुतं म्हनं. ती खुंटीलाच हाय. तिच्यात मायानं कांदं भरल्यात.

धुळा